मुलाचं शिक्षण: शाळेचं काम किती, घराचं किती?

दर जूनमध्ये शाळा उघडल्या की सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या स्थानिक पानांवर एक बातमी हमखास येते. अमुक गावच्या जिल्हा परिषद शाळेला शिक्षक नाही, पालकांनी टाळं ठोकण्याचा इशारा दिला. पुढे काही दिवसांत वर्षाची पहिली पालक सभा होते, आणि तिथे वेगळीच कुरबुर सुरू होते. बाई म्हणतात, "घरी कोणी वही उघडून बघत नाही." मागून उत्तर येतं, "मग शाळेत पाठवतो कशाला?"

दोघंही मनापासून बोलतात. पण मुलाच्या शिक्षणात कोणाचं काम कुठपर्यंत, हे त्या सभेत क्वचितच कोणी नीट मांडतं. त्यामुळे शिक्षक पालकांनी शिकवावं अशी अपेक्षा धरतात, पालक शिक्षकांनी वळण लावावं अशी, आणि जे काम खरंच दोघांनी मिळून करायचं ते पडून राहतं. ही वाटणी समजून घेतली तर निम्मे वाद मिटतात, आणि उरलेले योग्य दाराशी नेता येतात.

कायद्याने कोणावर काय सोपवलं आहे

मुलांचा मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सांगणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पुढे याला शिक्षण हक्क कायदा म्हणू. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याच्या आधी, २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क केला, आणि त्याच दुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत अकरावं कर्तव्य घातलं: आपल्या मुलाला शिक्षणाची संधी देणं हे आईवडिलांचं किंवा पालकाचं कर्तव्य आहे. हक्क आणि कर्तव्य एकाच दुरुस्तीतून आले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पालकाचं कर्तव्य म्हणजे किती? शिक्षण हक्क कायद्याचं दहावं कलम सांगतं की मुलाला शाळेत दाखल करणं पालकाचं काम. पाढे पाठ करून घ्या, प्रकल्पाचा तक्ता रंगवून द्या, असं त्यात कुठेही नाही.

शिक्षकाची कामं मात्र चोविसाव्या कलमात एकेक करून लिहिली आहेत. नियमित आणि वेळेवर शाळेत येणं. अभ्यासक्रम ठरल्या वेळात पूर्ण करणं. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरज असेल त्याला जादा शिकवणं. आणि पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, त्याची प्रगती याबद्दल त्यांना माहिती देणं. मागे पडलेल्या मुलाला पुढे आणणं हे शिक्षकाचं काम आहे आणि पालकाला त्याची खबर देणं हेसुद्धा. पालक सभा घेणं ही शाळेची मेहरबानी नव्हे, ते शिक्षकाच्या नोकरीतलं काम आहे.

म्हणजे शिकवणं हा भाग स्वच्छ आहे. तो शिक्षकाचा. सभेत मागून जो म्हणाला, "मग शाळेत पाठवतो कशाला," त्याचं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं कायद्यात फारसं लिहिलेलं नाही, कारण घरातलं काम कायद्याने सांगून होत नाही.

मग घराचं काम कोणतं?

आधी हजेरी. ऐकायला हे फार साधं वाटतं, पण माझ्या मते कोकणात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे, सहावी ते आठवीला २२०. आता आपलं वर्ष बघा. मे महिन्यात मुंबईला गेलेलं मूल गाडीचं तिकीट मिळालं नाही म्हणून जूनच्या शेवटी परत येतं. जुलैत वहाळाला पाणी आलं की साकवापलीकडच्या वाडीतली मुलं घरीच राहतात. गणपतीत सुट्टी पाच दिवसांची आणि घरचा मुक्काम दहा दिवसांचा. हिवाळ्यात जत्रा सुरू होतात, रात्रभर दशावतार बघून सकाळी मूल शाळेत आलंच तर पेंगत बसतं. मार्चपासून काजूच्या बिया गोळा करायला चार हात हवे असतात. यातलं एकेक कारण रास्त आहे. वहाळाला पाणी असताना कोणी पोराला ढकलणार नाही, आणि दशावतार तर मुलांनी बघायलाच हवा. पण हे सगळं मिळून ४० दिवस गेले, तर वर्षाचा पाचवा भाग गेला.

गेलेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून निघत नाही, हे गणितात फार स्पष्ट दिसतं. दुसरी-तिसरीतल्या एखाद्या मुलाच्या वहीत असं उदाहरण सापडतं: ५२ वजा २७, उत्तर ३५. पालक बघतो आणि म्हणतो, चुकलं, लक्ष नाही पोराचं. पण नीट पाहिलं तर मुलाने लक्ष देऊनच केलेलं असतं. एककाच्या घरात वर २ आहेत, खाली ७. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले, ५ लिहिले. दशकात पाचातून दोन गेले, ३ उरले. त्याच्या हिशेबाने सगळं बरोबर आहे. दशक सोडवून एककाच्या घरात दहा आणायचे, हे ज्या आठवड्यात वर्गात काड्यांच्या गठ्ठ्यांनी शिकवलं, त्या आठवड्यात तो मामाच्या लग्नाला गेलेला होता. पुढे तीन अंकी वजाबाकी येते, भागाकार येतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी अडतो. पाचवीत कोणीतरी म्हणतं, "याला गणित जमत नाही."

या एका उदाहरणात सगळी वाटणी दिसते. चूक नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे शिक्षकाला कळतं, पालकाला कळेलच असं नाही. मूल त्या आठवड्यात कुठे होतं, का होतं, हे घराला माहीत असतं. शिक्षकाच्या हजेरीपटावर नुसती गैरहजेरीची खूण असते. दोघांनी आपापली माहिती एकत्र केली तर पंधरा मिनिटांत उलगडा होतो. नाहीतर दोघंही मुलालाच दोष देत बसतात.

हजेरीनंतर झोप आणि बसायची जागा. रात्री मोबाइल बंद व्हायची वेळ ठरलेली असावी. घर लहान असेल, टीव्ही एकाच खोलीत असेल, तरी तासभर आवाज बंद ठेवता येतो. हे काम शाळा कितीही चांगली असली तरी करू शकत नाही, कारण ते तिच्या भिंतींच्या बाहेर आहे.

आणि मग बोलणं. आज काय झालं शाळेत, काय कळलं, काय नाही कळलं. एवढंच. यावर संशोधनही झालेलं आहे. २००९ साली नॅन्सी हिल आणि डायना टायसन या अमेरिकी संशोधकांनी साधारण सहावी ते आठवीच्या वयाच्या मुलांवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. पालकांच्या कोणत्या सहभागाचा मुलांच्या प्रगतीशी किती संबंध आहे, हे त्यांना पाहायचं होतं. घरी गृहपाठात मदत करणं हा प्रकार भरवशाचा निघाला नाही, काही अभ्यासांत तर त्याचा संबंध उलटाच दिसला. सगळ्यात ठळक संबंध दिसला तो मुलाशी शिक्षणाबद्दल बोलण्याचा: शिकून काय होतं, तुला पुढे काय करायचंय, आमची तुझ्याकडून काय अपेक्षा आहे, हे घरात बोललं जाणं. मूल अडलेलं असतं तेव्हाच पालक गृहपाठाला जास्त बसतात, हेही त्या उलट आकड्यांमागचं एक कारण असू शकतं. पण त्यातून एक दिलासा मिळतो. पालकाचं सगळ्यात मोलाचं काम करायला पालक स्वतः शिकलेला असण्याची गरज नाही.

"आमका वाचूक येत नाय, आमी काय अभ्यास घेतलो?"

हा प्रश्न पालक सभेत कोणी मोठ्याने विचारत नाही. पण सभेला न येण्याचं तेच कारण असतं. बाईंनी वही पुढे केली आणि वाचता आली नाही तर सगळ्यांसमोर लाज जाईल, ही भीती.

मालवण तालुक्यातल्या एका आजींना मी पाहिलं आहे. त्यांना अक्षरओळख नाही. मुलगा मुंबईत, सून काजू कारखान्यात, दुसरीतली नात त्यांच्याजवळ. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की आजी तांदूळ निवडायला बसतात आणि नातीला समोर बसवतात. "मोठ्यान वाच, माका आयकाक येऊक व्हया." नात धडा वाचते. आजींना अक्षर कळत नाही, पण गोष्ट कळते. मधेच त्या हात थांबवतात. "अगो, मगाशी कोल्हो पळालो म्हणालंस, आता परत खंयसून इलो?" नात गोंधळते, मागच्या ओळीवर जाते, आणि मधली एक ओळ सुटलेली तिला सापडते.

यापेक्षा चांगला वाचनाचा सराव मला माहीत नाही. मुलीला मोठ्याने वाचावं लागतं, समजून वाचावं लागतं, आणि ऐकणारं माणूस खरंच ऐकतंय हे तिला ठाऊक असतं. आजींनी शिकवलं काहीच नाही. शिकवणं शाळेत झालं होतं, आजींनी ते वापरायला लावलं.

केंद्र सरकारच्या निपुण भारत या उपक्रमात, जो ५ जुलै २०२१ ला सुरू झाला, हेच उद्दिष्ट आहे: २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीच्या अखेरीस समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड करता यावी. आपल्या राज्यात त्यासाठी वाडीवाडीत माता-पालक गट करण्यावर भर दिला गेला. चार-पाच आया एकत्र बसतात, शाळेने दिलेली छोटी कामं मुलांकडून करून घेतात: डाळ-तांदूळ वेगळे करून मोजणं, घरातल्या वस्तू लहान-मोठ्या क्रमाने लावणं, गोष्ट ऐकून परत सांगणं. जिथे हे गट खरोखर भरतात तिथे निरक्षर आईसुद्धा बाजूला पडत नाही. जिथे ते फक्त फोटोपुरते भरतात तिथे अर्थातच काही होत नाही, आणि फोटोपुरते भरणारे गट थोडे नाहीत, हेही सांगायला हवं.

बाप मुंबईत, आई कामावर

कोकणातल्या किती घरांची ही स्थिती आहे हे वेगळं सांगायला नको. मुंबईला नाहीतर गोव्याला माणसं कामाला, मूल आजी-आजोबांकडे. कायदा जेव्हा पालक म्हणतो, तेव्हा मुलाचा सांभाळ करणारी व्यक्तीही त्यात येते. सभेला आजी गेली तरी ती पालक म्हणूनच गेली. शाळेनेही तिला तसंच बसवलं पाहिजे. "आईला पाठवा" म्हणून परत धाडणं चुकीचं.

लांब असलेल्या बापाने काय करावं? रोजच्या फोनवर "जेवलास का, अभ्यास केलास का" एवढ्यावर न थांबता एक प्रश्न वाढवावा: "आज वर्गात काय झालं ते सांग." पाच मिनिटं ऐकून घ्यावं. महिन्यातून एकदा वर्गशिक्षकांना फोन करावा, आणि तो शाळेच्या वेळेत वर्ग चालू असताना करू नये. गणपतीला गावी आलं की शाळा उघडल्यावर एकदा तिथे जाऊन यावं, नमस्कार करावा. शिक्षकाने मुलाच्या बापाचा चेहरा पाहिलेला असणं ही लहान गोष्ट नाही.

खबर दोन्हीकडून यायला हवी

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर ज्यांनी रापण ओढताना पाहिली आहे त्यांना हे चटकन समजेल. जाळ्याच्या दोरीचं एक टोक किनाऱ्यावर ठेवतात, होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेऊन दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला लावते, आणि मग दोन्ही टोकांना माणसं ओढायला लागतात. दोन गट एकमेकांपासून दूर उभे असतात, पण नजर एकमेकांवर असते. एका बाजूने जास्त ओढलं तर जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. ओढता ओढता दोन्ही गट सरकत जवळ येतात.

शाळा आणि घर यांच्यात ही नजर पालक सभेत असायला हवी. प्रत्यक्षात बऱ्याच सभांमध्ये तास सूचनांतच जातो: आधार कार्ड जुळवा, बँक खातं उघडा, गणवेश कधी येणार, सहलीचे पैसे. मग सह्या आणि चहा. मुलाबद्दल बोलणं राहून जातं. एखाद्याने विचारलंच, "कसा आहे आमचा?" तर उत्तर मिळतं, "हुशार आहे, पण मस्ती करतो." यातून पालकाच्या हाताला काही लागत नाही.

प्रश्न बदलला तर उत्तर बदलतं. "वाचताना तो कुठे अडतो?" "गणितात कोणती गोष्ट अजून आलेली नाही?" "या महिन्यात घरी आम्ही एक काय करावं?" असे विचारले की शिक्षकाला वही काढावी लागते, पान दाखवावं लागतं. आणि पालकानेही घरची खबर द्यावी. आजोबा आजारी आहेत, घरात भांडणं चालू आहेत, रात्री पोराला झोप येत नाही, चष्मा लागलाय पण घालत नाही. फळा दिसत नाही म्हणून मागे पडलेली मुलं असतात, आणि ते घरात कोणाच्या तरी आधी लक्षात आलेलं असतं.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर जे समग्र प्रगती पुस्तक येऊ लागलं आहे, त्यात पालकांनी भरायचा भागही ठेवलेला आहे. अनेक घरांत तो कोरा जातो, किंवा मूलच भरतं. तिथे दोन ओळी खऱ्या लिहाव्यात. लिहिता येत नसेल तर सभेत सांगाव्यात आणि बाईंना लिहून घ्यायला सांगावं.

"विचारलं तर पोरावर राग काढतील"

ही भीती खोटी नाही, आणि ती झटकून टाकू नये. गावात शिक्षक एक किंवा दोन, मूल दिवसाचे पाच-सहा तास त्यांच्या ताब्यात. पालक गप्प बसतो यात आश्चर्य काय?

पण कायदा इथे पालकाच्या बाजूने उभा आहे. सतराव्या कलमाने मुलाला मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्ही बंद केलं आहे. वर्गात मुलाला सतत टोचून बोलणं, आईबापाने तक्रार केली म्हणून त्याला कोपऱ्यात बसवणं, हेही त्यात येऊ शकतं. "छडी लागे छमछम" म्हणत मोठी झालेली आपली पिढी अजून पालक सभेत सांगते, "गुरुजी, मारा त्याला, आमचं काही म्हणणं नाही." असं सांगायचा अधिकार पालकालाही नाही. मार खाऊन शिकलेलं मूल प्रश्न विचारणं सोडून देतं, आणि मग ५२ वजा २७ चं ३५ का आलं, हे कधीच बाहेर येत नाही.

विचारण्याची पद्धत मात्र महत्त्वाची. चारचौघांत, वर्गाच्या दारात, मुलासमोर आवाज चढवून विचारलेला प्रश्न भांडण होतो. मुलासमोर शिक्षकाला नावं ठेवली की उद्या त्याच शिक्षकाचं त्याने ऐकावं तरी का? तसंच शिक्षकाने मुलासमोर त्याच्या आईबापाचा, त्यांच्या गरिबीचा किंवा बोलीचा उद्धार केला, तर ते मूल शाळेपासून तुटतं.

"पालक उठसूट आले तर शिकवायचं कधी?"

शिक्षकांचीही बाजू ऐकायला हवी, आणि ती मोठी आहे. कोकणातली बहुसंख्य मराठी शाळांची गोष्ट म्हणजे कमी पट. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. पट १५ असो की ५०, वर्ग तेवढेच. दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे, म्हणजे एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला काहीतरी लिहायला देऊन बसवायचं. त्यातला एक जण पंचायत समितीच्या बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेला की सगळी शाळा एकावर. वर पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, दाखले.

शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात लिहिलं आहे की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला शिक्षकाला लावू नये. निवडणुकीचं काम अपवादात असल्याने मतदार याद्यांचं काम शिक्षकांच्या गळ्यात पडतच राहतं. हे पालकांना माहीत असावं, म्हणजे गुरुजी शाळेत नसले की "फिरायला गेले" असं कोणी म्हणणार नाही.

पालकाची हद्दही आहे. आधी अक्षर शिकवावं की शब्द, गट कसे करावेत, कोणत्या मुलाला कोणाशेजारी बसवावं, हे शिक्षकाचं कौशल्य. त्यात पालकाने शंका विचारावी, हुकूम करू नये. आठवड्यातला एक ठरलेला वेळ, शाळा सुटल्यावर अर्धा तास, पालकांसाठी राखून ठेवला तर दोघांचीही सोय होते.

"क्लास लावलाय की"

तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांचं हे उत्तर. खासगी शिकवणीने काही मुलांना उपयोग होतो, हे मान्य. पण क्लास लावला म्हणजे घराची जबाबदारी भागली असं होत नाही. सकाळी क्लास, मग शाळा, परत क्लास, यात झोप आणि बोलणं या घराकडच्या दोन गोष्टीच आधी जातात. आणि कायद्याचं अठ्ठाविसावं कलम सांगतं की शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. वर्गात न शिकवता घरी बोलावून शिकवणारा कोणी असेल तर ते नियमात बसत नाही.

कोकण विभाग वर्षानुवर्षं दहावी-बारावीच्या निकालात राज्यात अव्वल येतो. त्याचा अभिमान आहेच. पण त्या निकालामुळे घराघरात एक समजूत पक्की झाली आहे, की आपल्याकडे सगळं ठीक चाललंय, दहावीच्या वर्षी काय ते बघू. वाचन दुसरी-तिसरीत कच्चं राहिलं, तर दहावीचा क्लास ते भरून काढू शकत नाही. तो फक्त उत्तरं पाठ करून घेतो.

समितीत तुमची सही कशावर आहे?

वाटणीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग हा. कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. आपल्याकडे अध्यक्ष पालकांमधून निवडतात आणि मुख्याध्यापक सचिव असतात. अनुदानित शाळेत ही समिती सल्ला देण्यापुरती असते, विनाअनुदानित खासगी शाळांना ती लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि शुल्क ठरवण्यात त्याच्या कार्यकारी समितीला २०११ च्या राज्याच्या कायद्याने स्थान दिलं आहे.

समितीचं काम काय? शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, आलेल्या अनुदानाचा खर्च बघणं आणि शाळा विकास आराखडा करणं, म्हणजे पुढच्या काही वर्षांत शाळेला किती शिक्षक, किती खोल्या, काय सोयी लागतील याचा कागद. तिसाच्या आतला पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला १०,००० रुपये अनुदानाचा केंद्राचा निकष आहे. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यात. रक्कम तुटपुंजी आहे, म्हणूनच ती कशावर गेली हे विचारणं गैर नाही.

बहुतेक गावांत काय होतं? इतिवृत्ताची वही घरी येते, "इथे सही करा वहिनी," आणि वहिनी करतात. काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवत नाही. बाई सदस्य असतील तर बैठकीला त्यांचे नवरे येतात. हे बदलायला फार काही लागत नाही. सही करण्याआधी "वाचून दाखवा" म्हणायचं. मागच्या बैठकीत ठरलेलं काय झालं, हे पहिल्यांदा विचारायचं. गेल्या महिन्यात कोणती मुलं दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजर होती, त्यांची यादी मागायची आणि त्या घरी समितीनेच जाऊन यायचं. शेजारची बाई विचारपूस करायला आली, तर घरचं खरं कारण जास्त मोकळेपणाने सांगितलं जातं.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचं काम झाकलं जातं

आता जूनमधल्या त्या टाळ्याच्या बातमीकडे वळू. शिक्षकच नसेल तर पालकाने कितीही हजेरी सांभाळली, आजीने कितीही धडे ऐकले, तरी काय उपयोग? इथे जबाबदारी सरकारची आणि जिल्हा परिषदेची आहे. सव्विसाव्या कलमात लिहिलं आहे की शाळेतल्या शिक्षकांच्या रिक्त जागा मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. जवळची शाळा कुठे असावी याचेही निकष आहेत: पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत.

आपल्या जिल्ह्यांत जागा रिकाम्या राहण्याचं एक जुनं कारण सगळ्यांना माहीत आहे. घाटावरचे शिक्षक इथे रुजू होतात आणि काही वर्षांनी आंतरजिल्हा बदलीने आपापल्या गावी जातात. त्यांना दोष देता येत नाही, त्यांचीही म्हातारी आईवडील तिकडे असतात. पण बदली करताना त्या जागी माणूस देणं हे प्रशासनाचं काम आहे. त्यात संच मान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या दरवर्षीच्या हिशेबाचा, प्रश्न आहे. मार्च २०२४ मध्ये त्याचे निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांना त्याचा फटका बसेल म्हणून शिक्षक संघटनांनी विरोध केला. सपाट प्रदेशातला पटाचा हिशेब डोंगर, खाडी आणि विखुरलेल्या वाड्यांना लावला की अन्याय होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. पट कमी असणं हा त्या वाडीतल्या सात मुलांचा दोष नाही.

टाळं ठोकलं की बातमी होते, अधिकारी धावत येतात, दुसऱ्या शाळेतला एक शिक्षक तात्पुरता इकडे पाठवतात. मग ती दुसरी शाळा उघडी पडते. आणि टाळं असेपर्यंत बुडतो तो आपल्याच मुलांचा अभ्यास. त्याआधी एक रस्ता आहे आणि तो कमी वापरला जातो. कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाप्रमाणे मुलाच्या शिक्षण हक्काबद्दल कोणतीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करू शकते. दोन्ही बाजूंचं ऐकून तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह द्यावा. त्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, कोणत्या तारखेपासून जागा रिकामी आहे आणि पट किती, हे आकडे घालावेत. ते मुख्याध्यापकांकडे असतात आणि सचिव या नात्याने तेही या ठरावावर सही करतात. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घालून पोच घ्यावी, कारण तीन महिने मोजायचे ते त्या तारखेपासून.